न्यू रेकॉर्डिंग १४ : जात्यावरचे आवाज आणि एक फ्रेंच इंजिनिअर

आजचा भाग पुण्यातल्या नेहमीच्या खोलीतून नाही, घरून केलाय. घर म्हणजे पाली, बीड जिल्ह्यातलं, बिंदुसरेच्या तलावाजवळचं. हायवे जवळ असल्यामुळे मध्येमध्ये ट्रकचे हॉर्न येतील, ते मी काढले नाहीयेत. आणि शेवटी शेवटी एक घरघर ऐकू येईल. माइक खराब झाला असं समजू नका, तो आवाज मुद्दाम ठेवलाय.

गोष्ट माझ्या फोनमधल्या एका फाइलपासून सुरू होते. फाइलचं नाव 'न्यू रेकॉर्डिंग १४'. २०१८ साली चुलत बहिणीचं लग्न होतं. हळद दळायला जातं मांडलं, त्याची पूजा झाली, आणि खुंट्याला हात लावून दोघी समोरासमोर बसल्या. एक माझी आज्जी, दुसरी तिची थोरली जाऊ, म्हणजे आमची मोठी आज्जी. मी तेव्हा बीटेकला होतो. खिशातून फोन काढला, चार-साडेचार मिनिटं रेकॉर्ड केलं, आणि परत डीजेसमोर नाचायला गेलो.

२०२१ मध्ये मोठी आज्जी गेली. मग एका रात्री ती फाइल सापडली, हेडफोन लावून ऐकली. दोन बायका गातायत. एक ओवी उचलते, दुसरी तिच्या मागून धरते. आणि मला कळेना की कोणता आवाज कोणाचा आहे. त्या दोघींनी मला अंगाखांद्यावर वाढवलं, पण गाताना मी त्यांना कधी नीट ऐकलंच नव्हतं. बोलण्याचा आवाज वेगळा, गाण्याचा वेगळा. फाइलमध्ये तारीख होती, तीही फोननं आपणहून टाकलेली. बाकी नाव नाही, गाव नाही, कोण कुठल्या बाजूला बसलं होतं ते नाही. ऑफिसात ज्युनिअर पोरांना 'लॉग नीट लिहीत जा रे' म्हणून सुनावणारा माणूस मी, आणि माझी स्वतःची ही तऱ्हा.

तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात होता. हे काम कोणी नीट केलंय का? केलंय. आणि ज्याने केलं तो माणूस निघाला आपल्याच धंद्यातला, म्हणजे इंजिनिअर. बर्नार्ड बेल.

बेल यांच्याकडे जाण्याआधी एका शब्दाकडे जाऊ, कारण त्यांच्या कामाला जे नाव आहे ते ऐकून पोटात गोळा येतो. एथ्नोम्युझिकॉलॉजी. एखाद्या समाजाचं संगीत त्या समाजाच्या जगण्यासकट अभ्यासायचं, असा साधा अर्थ. हा शब्द रूढ केला याप कुन्स्ट या डच माणसानं, १९५० साली. कुन्स्ट शिकला होता कायदा आणि वाजवायचा व्हायोलिन. १९१९ मध्ये तो एका छोट्या वाद्यवृंदाबरोबर कार्यक्रम करायला जावा बेटावर गेला, म्हणजे आजच्या इंडोनेशियात. तिथं त्यानं गामेलान ऐकलं. गामेलान म्हणजे काशाच्या घंटा, थाळ्या आणि पट्ट्या यांचा मोठा ताफा, बरेच जण मिळून वाजवतात. साथीदार परत गेले, हा तिथंच राहिला, थेट १९३४ पर्यंत. सरकारी नोकरी करत फिरला, मेणाच्या नळकांड्यांवर आवाज धरून ठेवले, वाद्यांचे सूर मोजले.

आता जावा आणि बीड यांचा संबंध काय, असं तुम्ही म्हणाल. आहे, आणि तो माणसांच्या साखळीतून येतो. कुन्स्टच्याच पिढीच्या आसपासचा दुसरा डच माणूस अर्नोल्ड बाके. तो भारतात आला, शांतिनिकेतनात राहिला, आणि पुढे देशभर फिरून लोकांची गाणी रेकॉर्ड करत राहिला. लंडनमध्ये त्याचा एक विद्यार्थी होता, नझीर जयराजभॉय. या जयराजभॉयनी १९८४ मध्ये एक भारी काम केलं. बाकेनं १९३८ मध्ये दक्षिण भारतात ज्या वाटेनं रेकॉर्डिंग केलं होतं, त्याच वाटेनं ते आणि एमी कॅटलिन पुन्हा गेले. जुनी रेकॉर्डिंग बरोबर घेऊन. गावोगाव लोकांना ऐकवली, हे कोण गातंय, हे अजून कोणी गातं का, असं विचारलं. शेहेचाळीस वर्षांपूर्वी गावातून नेलेला आवाज परत गावात आणून वाजवला. हे दृश्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. त्याच जयराजभॉयनी १९८२ मध्ये भारतात एक संग्रहालय उभं केलं होतं, आवाजांचं. ते आज गुरुग्रामला आहे. आपल्या जात्यावरच्या ओव्या काही काळ तिथंच ठेवलेल्या होत्या.

आणि हो, मराठीत हा विचार झालाच नाही असं समजू नका. अशोक दा. रानडे यांनी 'लोकसंगीतशास्त्र' नावाचं पुस्तकच लिहिलंय. आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा संगीताच्या कोटी त्यांनी पाडल्या. रानड्यांवर एक वेगळा भाग करायचाय, आज नाही.

तर बर्नार्ड बेल. फ्रेंच माणूस, संगणकाचा. भारतात आला १९८०च्या आसपास. त्या काळात जिम किपन नावाचा एक इंग्रज अभ्यासक लखनौ घराण्याचा तबला शिकत होता, घराण्याचे खलिफा उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे. किपनची अडचण अगदी साधी होती. बोल लिहून घ्यायचे कसे? 'धा तिरकिट' टाइप करायला किती बटणं दाबायची? बेल यांनी त्याला एक प्रोग्राम लिहून दिला, एक बटण म्हणजे एक बोल. ॲपल टू जातीच्या संगणकावर. नाव ठेवलं बोल प्रोसेसर. वर्ड प्रोसेसरसारखं, पण बोलांचं.

इथवर हे टायपिंगचं काम होतं. पुढचं ऐका. तबल्यात कायदा असतो, म्हणजे एक मूळ रचना, आणि वाजवणारा त्यातून पलटे काढत जातो. पण कसेही नाही काढता येत. उस्तादाला ऐकताक्षणी कळतं की हा पलटा चालेल आणि हा नाही. का नाही, ते मात्र प्रत्येक वेळी शब्दांत सांगता येत नाही. बेल आणि किपन यांनी त्या कायद्याचे नियम संगणकाला लिहून दिले, व्याकरणासारखे. मशीन नवे पलटे काढणार, ते उस्तादांपुढे ठेवायचे, उस्ताद म्हणणार हा बरोबर, हा चूक. चूक आला की नियम दुरुस्त करायचा, पुन्हा पलटे काढायचे. कोडिंग करणाऱ्यांना एव्हाना हसू आलं असेल. आपण टेस्ट लिहितो आणि फेल झाली की कोड बदलतो, तेच हे. फरक इतकाच की इथं टेस्ट म्हणजे एक जिवंत माणूस होता, आणि अंतिम शब्द त्याचा.

नंतर त्यांनी असा एक प्रोग्राम केला की जो उदाहरणं ऐकून नियम स्वतःच शोधायचा प्रयत्न करी आणि शंका आली की उस्तादांना विचारी. त्याचं नाव 'कवाइद'. इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जुळवून केलेलं, पण मुळात अरबीतला शब्द आहे, 'कायदा'चं अनेकवचन, अर्थ व्याकरण. आपण शाळेत मैदानावर करायचो ती कवायतही तिथूनच आली. मशीनला 'कवायत' असं नाव देणाऱ्या माणसाबद्दल मला उगाच आपुलकी वाटते. बोल प्रोसेसर आजही आहे, ओपन सोर्स आहे, उतरवून घेऊन चालवता येतो.

म्हणजे या माणसाच्या कामाची सुरुवात झाली नियमांनी. उस्तादाच्या डोक्यात काय चाललंय ते मशीनमध्ये उतरवता येईल का, हा शोध. आणि पंधरा वर्षांनी तोच माणूस मराठवाड्यात माइक धरून बसलेला दिसतो, अशा बायकांसमोर ज्यांना कोणी उस्ताद म्हणणार नव्हतं.

ते कसं झालं? त्यासाठी पुण्याला यावं लागेल. गी पॉइटवाँ हेही मूळचे फ्रान्सचे. भारतात आले, इथंच राहिले, भारताचे नागरिक झाले. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या हेमा राईरकर पुण्याच्या. गावांतले लोक त्यांना गीबाबा आणि हेमाताई म्हणायचे. दोघांचं काम होतं मुळशी, मावळ, वेल्हे या डोंगरातल्या गरीब माणसांबरोबर. गरीब डोंगरी संघटना तिथली. त्यांनी पुण्यात समाजशास्त्रीय संशोधनासाठी एक केंद्रही काढलं. लक्षात घ्या, हे दोघं गाणी गोळा करायला गेले नव्हते. ते संघटना बांधायला गेले होते. बायका बैठकीला यायच्या, पण सगळ्यांसमोर मन मोकळं करतील अशी सोय नव्हती. सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, माहेरच्या तुटलेल्या वाटेबद्दल कोण चारचौघांत बोलणार? पण जात्यापाशी त्या बोलत होत्या. पहाटे, अंधारात, घर झोपलेलं असताना. दगडाच्या घरघरीत शब्द बुडतात, म्हणून मोकळेपणानं.

८०च्या दशकात ओव्या लिहून घ्यायला सुरुवात झाली. आणि लिहून घेणाऱ्यांत त्याच गावांतल्या, त्याच संघटनेतल्या बाया होत्या. त्यांना समोरची बाई परकी नव्हती. हा आकडा नीट ऐका. एक लाखाच्या वर ओव्या, अकराशेच्या वर गावं, आणि ३,३०२ गाणाऱ्या. तीन हजार तीनशे दोन. हे एवढं नेमकं सांगता येतं, कारण प्रत्येक ओवीपाशी गाणारीचं नाव लिहिलंय. नाव, गाव, तालुका. मग ओवीचा विषय, त्याला एक इंग्रजी अक्षर आणि पुढे आकड्यांची उतरंड. आई, भाऊ, लेक, सीता, पंढरी, पाऊस, कष्ट. माझ्यासारख्याला हे बघून काय वाटतं सांगू? हा डेटाबेस आहे. संगणक येण्याआधी वह्यांमध्ये, हातानं केलेला डेटाबेस.

ओव्यांचे संग्रह याआधी झाले नव्हते असं नाही. साने गुरुजींनी केले, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीमार्फत केवढं काम केलं. ते सगळं पुस्तकात आलं म्हणून तर टिकलं. पण पुस्तकात ओवी दोन ओळींची दिसते. गाताना ती दोन ओळींची नसतेच. पहिली अर्धी ओळ दोनदा घ्यायची, मध्ये 'बाई' घालायचं, 'गं' लांबवायचं, मग मागे येऊन पुन्हा तोच तुकडा धरायचा. दगड किती जड, पीठ किती बारीक हवं, दोघी ओढतायत की एकटी, यावर वेग ठरतो. मूठभर ज्वारी टाकायला एक हात सुटला की ओवीही तेवढी थबकते. हे सगळं छापील ओळीत कुठं मावणार?

म्हणून ९०च्या दशकाच्या मध्यावर बर्नार्ड बेल या कामात आले. दोन गोष्टी त्यांनी केल्या. एक, वह्यांतला हा डोंगर संगणकात आणण्यासाठी डेटाबेस बांधला. दोन, गावोगाव जाऊन आवाज रेकॉर्ड केला, १२० तासांच्या वर. हिशेब मी करून पाहिला. एक ओवी गायला सरासरी मिनिटभर लागतं असं धरलं, म्हणजे माझ्या आज्जीच्या वेगानं, तर १२० तासांत सात-साडेसात हजार ओव्या बसतात. लाखातल्या सात हजार. बाकीच्यांचे शब्द आहेत, नावं आहेत, आवाज नाही. कोणाला दोष द्यायला हे सांगत नाही. दोन-चार माणसांनी इतकं केलं हेच मला पचत नाही अजून. पण आवाजाचं काम किती महाग आणि किती उशिरा होतं, ते या हिशेबातून कळतं.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. १९९६ मध्ये ही मंडळी माजलगावला आली. माजलगावात भीमनगर म्हणून वस्ती आहे. तिथल्या राधाबाई बोऱ्हाडे, वाल्हाबाई टाकणखार आणि इतर बाया गायल्या त्या ओव्या भीमरावाच्या होत्या. बाबासाहेब, रमाबाई, बुद्ध. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चमकलो, कारण माझ्या डोक्यात ओवी म्हणजे विठ्ठल, राम-सीता आणि बहीण-भाऊ. माझ्या घरात तेवढंच ऐकू आलं होतं, हाही भाग आहेच, वस्त्या वेगळ्या, जाती वेगळ्या. चाल तीच जात्याची, दगड तोच. पण ज्या बायांच्या आज्या-पणज्यांना देवळाच्या पायरीला शिवता येत नव्हतं, त्या बायांनी त्याच चालीत नवा माणूस आणून बसवला. १९५६ च्या धर्मांतराचा इतिहास मी शाळेत एका परिच्छेदात शिकलो. माजलगावच्या घराघरांत तो पीठ दळता दळता पाठ झाला होता. 'पारंपरिक' म्हटलं की आपल्याला काहीतरी गोठलेलं, जुनं वाटतं. या बाया काल-परवाचं राजकारण गात होत्या.

त्याच वर्षी परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसला गंगूबाई अंबोरे यांचा आवाज रेकॉर्ड झाला. वनवासातल्या सीतेच्या ओव्या. मी त्यांचं वर्णन करणार नाही, शोधून ऐका, आणि स्पीकरवर नको, हेडफोन लावून ऐका. गंगूबाई आता नाहीत. रेकॉर्डिंग करायला दोन-चार वर्षं उशीर झाला असता तर काय, हा विचार ते ऐकताना डोक्यातून जात नाही.

पुढची हकिकत थोडक्यात. २००४ मध्ये गीबाबा गेले, २०१० मध्ये हेमाताई. लोक गेले की डेटा कसा अनाथ होतो ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, एखाद्याचा लॅपटॉप फॉरमॅट होतो आणि संपलं. इथं तसं झालं नाही, याचं मोठं कारण बेल. गुरुग्रामच्या संग्रहालयातून हे सगळं त्यांनी फ्रान्सला, एक्स-आँ-प्रोव्हान्सच्या एका भांडारात नीट लावून ठेवलं होतं. मग पी. साईनाथ यांच्या 'पारी'नं, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियानं, हा प्रकल्प हाती घेतला आणि २०१७ पासून ओव्या लोकांसमोर येऊ लागल्या. नमिता वाईकर त्या कामाच्या पुढे होत्या. आवाज, देवनागरीत ओव्या, इंग्रजीत अनुवाद.

आणि ते पुन्हा माजलगावला गेले, वीसेक वर्षांनी. ज्यांनी गायलं होतं त्यांना शोधत. बाकेच्या वाटेवर जयराजभॉय गेले होते ना, तसंच. रेकॉर्डिंग पुण्याहून फ्रान्सला जाऊन परत भीमनगरला आलं. वहीत नाव आणि वस्ती लिहिलेली होती म्हणून ते शक्य झालं. 'माजलगाव, एक बाई' एवढंच लिहिलं असतं तर कोणाला शोधणार होते?

मला वाटतं बेल यांच्या सगळ्या कामातली खरी गोम इथं आहे. लखनौला ते नियम शोधत होते, आणि नियम एकदा सापडला की तो कोणीही चालवू शकतं, मशीनसुद्धा. जात्यापाशी आल्यावर उलटं झालं. तिथं नियम दुय्यम, माणूस मुख्य. अमुक गावच्या अमुक बाईनं हे म्हटलं, हीच माहिती. दोन्हीकडे अंतिम शब्द मात्र गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा, हे त्यांनी सोडलं नाही. मी कोड लिहितो म्हणून मला हे जास्त भिडतं की काय, माहीत नाही.

तर आता माझी फाइल. गेल्या आठवड्यात पालीला आलो तो हेच ठरवून. आज्जीला आधी माजलगावच्या ओव्या ऐकवल्या, फोनवर. ती मान डोलवत ऐकत होती. मग म्हणाली, "चाल आपल्याकडचीच हाय. पर ह्या बाया लई दमदार." मी म्हटलं, तू गा की. तर म्हणे, "आता कुठं ध्यानात राह्यलं, लेकरा."

एक सांगायचं राहिलं. मी जरा भावुक होऊन म्हटलं होतं की आज्जी, गिरणी आली आणि गाणं गेलं, किती वाईट झालं. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी गप्पच. "गाणं गेलं म्हणून तुला वाईट वाटतंय? माझ्या खांद्याला इचार. गिरणी चालू झाली त्या दिवशी मी मारुतीला नारळ फोडला." रोज पहाटे चार वाजता उठून अख्ख्या खटल्याचं दळण, त्यावर शेतात दिवसभर खुरपणी. जातं टाकवायला आलं की, म्हणजे दगड घासून गुळगुळीत झाला की, दुप्पट जोर लागायचा. टाकी लावणारा महिना-महिना गावात फिरकायचा नाही. ओवी ऐकून डोळ्यांत पाणी आणणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ऐकून ठेवलेलं बरं.

परवा मग माळवदावरून जातं खाली आणलं. वरचा दगड उचलताना माझीच कंबर धरली. पसाभर ज्वारी घेतली. आज्जी बसली, खुंटा धरला, दोन फेरे रिकामे फिरवले, आणि तिसऱ्या फेऱ्याला ओवी आली. मग दुसरी. मग थांबेनात. तोंडानं सांग म्हटलं की आठवत नव्हतं, हात फिरला की येत होतं. हात थांबला की मधल्याच शब्दावर तुटायचं. आता मागे जी घरघर येतेय ती तीच.

दळण झाल्यावर मी 'न्यू रेकॉर्डिंग १४' लावली. पहिलं कडवं होऊ दिलं तिनं. दुसऱ्याला बोट वर केलं. "ही ती."

मी विचारलं, कशावरून?

"इथं बघ. 'गं' म्हणून झालं की ती दम घ्यायची. मला तिथं दम लागत नव्हता, मी पुढं ओढून न्यायची. मग ती म्हणायची, अगं हळू, मी म्हातारी हाय. माझ्याहून चारच वर्षांनी मोठी."

मी मागे नेऊन पुन्हा लावली. खरंच, प्रत्येक ओवीत त्याच जागी एक छोटी फट आहे. मी ती शंभरदा ऐकली असेल आणि मला ती रेकॉर्डिंगमधली खरखर वाटत होती. एकदा तर आवाज साफ करायच्या ॲपमध्ये टाकून ती काढायलाही बसलो होतो.

काल रात्री बसून मी एक साधी शीट केली. गाणारी, गाव, माहेर, कोणाकडून शिकली, कधी रेकॉर्ड केलं, कुठं, जातं होतं की नव्हतं. आज्जीला एकेक विचारत भरत गेलो. माहेर नेकनूर. शिकली आईकडून, आणि इथं आल्यावर जावेकडून. 'गाणारी' या रकान्यात मी आज्जीचं नाव घातलं, परवाच्या नव्या रेकॉर्डिंगसाठी, ज्यात ती एकटीच होती.

"तिचं पण टाक," आज्जी म्हणाली.

मी म्हटलं, आज्जी, यात ती नाहीये गं, ही परवाची आहे.

"मग? मी गायले त्यातल्या निम्म्या तिच्या हायेत. तिनं उचलायची, मी धरायची. मला एकटीला कवा गाता येत होतं?"

त्या रकान्यात एकच नाव मावेल असं मी ठरवून ठेवलं होतं. शीट बदलली. एका ओवीला दोन नावं लागतील असा रकाना केला, आणि तिनं सांगितल्या क्रमानं लिहिली. आधी जावेचं, मग तिचं.